अण्णांचे मुकादम

अण्णांच्या कलमावर लटकलेली पांढरी डबी मी फळमाशीचा सापळा समजून काढली आणि शेजारधर्म म्हणून सकाळीच नळाखाली घासूनपुसून धुतली. उपडी घालून वाळतही ठेवली.

"मेल्या, मुकादमाला आंघोळ घातलीस?" अण्णा एवढंच म्हणाले.

अण्णा म्हणजे भाट्याच्या आमच्या वाडीतले निवृत्त वायरमन. आंब्याला ऊन किती, दमट किती, हे कळावं म्हणून त्यांनी बागभर सेन्सरच्या डब्या टांगल्यात. प्रत्येक डबी थेट त्यांच्या घरातल्या यंत्राला हाका मारत बसली, तर तिची बॅटरी चार दिवसांत संपेल. म्हणून जवळजवळच्या डब्यांचा एक गट, गटाला एक मुकादम. बाकीच्यांनी मुकादमाच्या कानात कुजबुजायचं, लांबची हाक त्याने एकट्याने मारायची. त्यात तोच जास्त दमतो, म्हणून मुकादमकी रोज बदलते. "बॅटरी बघून काम द्यावं," असं अण्णा उठताबसता सांगतात. आरतीतही दमलेल्याच्या हातची झांज काढून दुसऱ्याला देतात. माझ्या हातची पहिल्याच कडव्याला काढतात.

आज मुकादम बुडाल्यामुळे खालच्या गटाकडून काहीच कळेना. मी म्हटलं, एका सकाळीत आंब्याचं काय बिघडणार आहे? अण्णांनी ऐकलंच नाही. या वयात, अनवाणी, ते पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरत धावत सुटले. मी हबकून मागे.

खाली गोदाकाकू एकट्या राहतात, मुलगे मुंबईला. त्या ओटीवर नारळ खवत बसल्या होत्या. अण्णांनी खांब धरला. धाप थांबेपर्यंत बोलवेना.

"वाटीभर मीठ असलं तर बघ गो."

मिठासाठी एवढं धावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

वर चढताना त्यांनी सांगितलं. तीन डब्या कलमांवर नाहीतच. एकट्याने राहणाऱ्या तिघांच्या दारांवर आहेत. सकाळी दार उघडलं की डबी जवळच्या झाडावरच्या मुकादमाला कळवते. गोदाकाकूंचं दार आज उघडल्याचं कळलंच नव्हतं.

माझे पाय पायरीवरच थांबले. "आणि तुमच्या दारावर, अण्णा?"

"माझी खबर कोणाला द्यायची रे?" मिठाची वाटी सांभाळत ते पुढे चढत राहिले.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने विळीवरून मानही वर केली नाही.

"अण्णांचं दार सव्वासहाला उघडतं," ती म्हणाली. "परवा वीस मिनिटं उशीर झाला, तेव्हा मी विरजण मागायला गेले होते."