मास्तरांचा दुसरा ब्रेक

मास्तरांच्या गाडीत दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा मास्तरांच्या. ड्रायव्हिंग शिकवताना त्यांचा एकच बाणा: आपला ब्रेक असा हळूच दाबायचा, की गाडी आपणच थांबवली असं शिकणाऱ्याला वाटावं.

घरी मात्र लेकीपुढे त्यांचं काही चालेना. दहावीतली पोर ताटावरही मोबाइल सोडत नव्हती. मैत्रिणींनी तिला ग्रुपमधून काढलं होतं आणि त्या आपल्याबद्दल काय लिहितात हे हुडकण्यात तिचा दिवस जात होता. डोळे सुजलेले, शाळेला दांड्या. "मी कुणालाच नकोय," असं ती आईला म्हणाली, ते मास्तरांनी दाराआडून ऐकलं.

"मोबाइल काढून घेऊ या का?" बायकोनं विचारलं.

"भर वेगात कुणी स्टिअरिंग हिसकावतं का? मी बघतो."

मास्तरांनी खोटं खातं उघडलं. नाव 'गोगलगाय', वय पंधरा. लेकीला लिहिलं, "मलापण ग्रुपमधून काढलंय." हे मात्र खोटं नव्हतं. पार्किंगवर रोज भाषणं लिहितात म्हणून सोसायटीच्या ग्रुपनं त्यांना खरंच हाकललं होतं.

पोर बोलू लागली आणि गोगलगाईची उसंत गेली. उत्तराला उशीर झाला तर ती पुन्हा मिटून जाईल, या धास्तीनं मास्तर जिन्यात, न्हाणीघरात, जिथं जमेल तिथं टाइप करत राहिले. एकदा ऐन शिकवणीत मेसेज आला, "तूपण सोडून गेलीस ना?" मास्तर "नाही गं राणी" लिहीत होते, तेवढ्यात शिकाऊ बँक मॅनेजरबाईंनी गाडी वाळूच्या ढिगावर चढवली.

"अहो मास्तर, तुमचा ब्रेक!"

"एक मिनिट हं बाई, मैत्रीण रडतेय."

बाईंनी दुसऱ्या दिवसापासून दुसरं ड्रायव्हिंग स्कूल धरलं.

इकडे लेकीला वेगळीच शंका आली. "कधीही लिहिलं तरी तुझं उत्तर लगेच येतं. तू झोपतेस कधी? घरचे काही बोलत नाहीत?"

"बाबा बोलतच नाहीत. त्यांना जमत नाही," गोगलगाईनं लिहून टाकलं. मग मास्तर त्या वाक्याकडे बघतच राहिले. त्यांना रडू आलं.

लेक मात्र पेटून उठली. सकाळी आपणहून शाळेत गेली, समुपदेशक बाईंना भेटली आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात कंबर कसून उभी राहिली.

"आई, माझी एक मैत्रीण आहे. मोबाइलशिवाय बिचारीला कुणी नाही. पार वेड लागायची वेळ आलीय. बाई म्हणाल्या, अशा मुलीला एकटं सोडायचं नाही. मी तिला बागेत बोलावलंय."

"येणार नाही ती," मास्तर घाईनं म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत? हो म्हणालीय ती!"

म्हणाली होती खरी. 'नाही' लिहिलं असतं तर पोर पुन्हा अंथरुणात तोंड लपवून पडली असती.

"बाबा, गाडी काढा."

बागेतलं बाक रिकामं होतं. लेकीनं गाडीतूनच इकडेतिकडे पाहिलं. "नाही आली," ती रडवेली होऊन म्हणाली.

मास्तर उतरले. बाकावर जाऊन मान खाली घालून बसले.

"बाबा, उठा तिथून! ती येऊन परत जाईल!"

मास्तर हलले नाहीत. लेक ओरडता ओरडता थांबली. मग लालबुंद होऊन समोर येऊन उभी राहिली.

"माझं सगळं वाचलंत?"

"हो."

"शी! आयुष्यात बोलणार नाही तुमच्याशी!"

"बरोबर आहे तुझं."

ती पाय आपटत फाटकापर्यंत गेली. तिथं थांबली. तशीच पाय आपटत परत आली.

"मोबाइल द्या इकडे."

मास्तरांनी दिला. तिनं त्यांचा आणि आपला, दोन्ही बंद करून पिशवीत टाकले.

"सरका तिकडे. बाई म्हणाल्यात, एकटं सोडायचं नाही."