चार टायरांची साक्ष

टायर साठ हजार किलोमीटर चालतील असं टायरवाल्या बाईंनी छातीठोक सांगितलं होतं आणि तीस हजारांतच चारही टायरांचा गोटा झाला, ही गोष्ट मोजणीदारांच्या जिव्हारी लागली. त्यांचा उभा जन्म जमिनी मोजण्यात गेला होता. साखळी बोटभर इकडची तिकडे झाली तरी ते पुन्हा पहिल्या खुंटीपासून सुरुवात करत. अशा माणसाच्या पदरात कुणी निम्मंच माप टाकलं, तर तो गप्प कसा बसेल?

सुट्टीच्या दिवशी सकाळीच त्यांनी आपली लांब पाठीची स्टेशन वॅगन टायरच्या दुकानापुढे नेऊन उभी केली. तिथून पुढे मामांकडे जेवायला जायचं होतं, म्हणून आई, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी, तिघीही गाडीत होत्या.

"पाच मिनिटांचं काम आहे," मोजणीदार म्हणाले. "बोलणार मी. तुम्ही फक्त ऐकायचं."

ऐकायला म्हणून तिघी खाली उतरल्या आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

टायरवाल्या बाई साठीच्या पुढच्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हात कोपरापर्यंत काळे, आणि बसायला ट्रकच्या टायरांची चळत. मोजणीदारांनी उभ्याउभ्याच तोफ डागली.

"बाई, एक तर हे टायर फुकट बदलून द्या, नाहीतर तुम्हाला टायरमधलं काही कळत नाही असं लिहून द्या."

बाई मुळीच चिडल्या नाहीत. "गाडी कोण चालवतं?"

"मी. एकटा मी. दुसऱ्याचा हात लागू देत नाही. आणि खरं तर तीस हजारही झाले नसतील. आमचं मीटर पुढे पळतं. मी ऑफिसच्या जीपने जातो, आठवडाभर गाडी दारात उभी, तरी दर शनिवारी शे-दीडशे किलोमीटर वाढलेले! तीनदा गॅरेजात दाखवलं. कुणाला दोष सापडत नाही."

मागे उभ्या असलेल्या तिघींना अचानक भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरमध्ये फार रस वाटू लागला.

"एकट्याने चालवली असेल आणि नीट राखली असेल, तर चारही नवे देते. फुकट," बाई म्हणाल्या. "शब्द माझा."

गाडी जॅकवर चढली. चारही टायर उतरवून ओळीने मांडले गेले. बाईंनी चष्मा लावला नाहीच, उलट डोळे मिटले आणि पहिल्या टायरवरून तळवा फिरवला, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. मोजणीदार वैतागले होते, पण हात फिरवण्याची ती तऱ्हा पाहून त्यांच्या मनात आलं, या बाईला काहीतरी येतंय खरं.

"पुढचा डावा. बाजू घासलीय. फुटपाथला लावता तुम्ही. दगडी फुटपाथ, उंच कडेचा. आणि नेहमी एकाच जागी."

"माझ्या वाटेवर तसा फुटपाथच नाही!" मोजणीदार विजयी स्वरात म्हणाले.

ज्या दातांच्या दवाखान्यात त्यांची बायको काम करत असे, त्याच्या दारातला फुटपाथ मात्र तसाच होता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "बस वेळेवर येत नाही हो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

तोवर बाई दुसऱ्या टायरवर पोचल्या होत्या. "पुढचा उजवा. इथे चपटा झालाय बघा. करकचून ब्रेक मारलाय. चालवणारा हुशार आहे, पण जरा उशिरा बघतो."

"मांजर आडवं आलं होतं!" मुलगी बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"मग? लागलं का त्याला?" मोजणीदारांच्या आईने विचारलं.

"नाही गं, पळालं."

"मग ठीक आहे."

मोजणीदार खोल आवाजात म्हणाले, "म्हणजे मीटर बरोबर होतं." त्यांना सगळ्यात जास्त तेच लागलेलं दिसलं.

"बाई, पुरे आता," बायको म्हणाली. "नवे घाला. आम्हाला जेवायला जायचंय."

"नाही!" मोजणीदार गरजले. "पुढचं वाचा. होऊनच जाऊ दे."

बाईंनी मागच्या टायरच्या खाचेतून स्क्रू ड्रायव्हरने एक पांढरा खडा उकरून काढला आणि उजेडात धरला. "तळ्याच्या रस्त्याची खडी. दुसरीकडे कुठे मिळायची नाही."

मोजणीदारांनी बायकोकडे पाहिलं. "मी नाही." मुलीकडे पाहिलं. "शप्पथ, मी पण नाही."

बाईंचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. आता त्यांनी चष्मा लावला होता आणि टायरवर पार वाकल्या होत्या. "त्या रस्त्यावरून आलेले टायर रोज बघते मी. चिरलेले, फाटलेले. याला एक ओरखडा नाही! खड्ड्यात चाक आपटलेलं नाही, चाक उगाच जागेवर फिरवलेलं नाही. चाळीस वर्षांत असा हात पाहिला नाही. कोण चालवतं हो? मला भेटायचंय त्या माणसाला."

"दर गुरुवारी," पर्स सावरत आई म्हणाली. "आम्ही चौघी मैत्रिणी पोहायला जातो."

आईचं वय एकाहत्तर. मोजणीदारांनी मागचापुढचा विचार न करता शेजारच्या टायरवर बसकण मारली.

"आई, तुला गाडी येते?"

"तू पोटात होतास तेव्हापासून. कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात गाडी मीच नेली. तुझे बाबा शेजारी बसून रडत होते."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तूच म्हणालास, गाडीला दुसऱ्याचा हात नको. म्हटलं, पोराचं मन कशाला मोडा."

बाई उठल्या, फडक्याला हात पुसला आणि आईचा हात दोन्ही हातांत घेतला. दोघी एकमेकींकडे अशा पाहू लागल्या की मोजणीदारांना आपण उगीच मध्ये बसलो आहोत असं वाटलं. पण शेवटचा मुद्दा त्यांनी सोडला नाही.

"ठीक आहे. फुटपाथ, मांजर, खडी, सगळं धरा. तेवढ्याने निम्मं आयुष्य कसं जाईल?"

"त्याने गेलंच नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "चारही टायर मधोमध झिजलेत. कडा शाबूत आहेत. हवा जास्त होती."

"अशक्य! हवा दर रविवारी मी स्वतः तपासतो. कमी असली की भरतो." मोजणीदारांनी खिशातून कातडी पिशवी काढली आणि पिशवीतून हवा मोजायचं पितळी मीटर. बाईंनी ते आणि आपलं, दोन्ही मीटर एकाच टायरला आळीपाळीने लावून दाखवली. बाईंचं चव्वेचाळीस दाखवत होतं. मोजणीदारांचं, बत्तीस.

"दोन वर्षं तुम्ही त्यांना मायेने मारलंत," बाई म्हणाल्या.

"मन लावून भरायचे मात्र," बायको समजुतीने म्हणाली. त्यावर मुलीला हसू आवरेना, मग आईला, आणि शेवटी खुद्द मोजणीदारांना. डोळे पुसत ते म्हणाले, "बाई, आम्ही साखळ्या ओढत आयुष्य घालवलं. तुम्ही नुसत्या तळव्याने मोजता. आमच्या खात्यात पाहिजे होतात तुम्ही."

"नको हो. तिथे चहा फार प्यावा लागतो म्हणतात."

नवे टायर निवडताना बाईंनी मोजणीदारांना एक अक्षर विचारलं नाही. तिघींना विचारलं. मग दगडी कडेला दाद न देणारे, ब्रेक मारताच रस्ता धरणारे आणि खडीला न भिणारे जाडजूड चार टायर त्यांनी स्वतः गडगडत आणले. हमीच्या कार्डावर 'मुख्य चालक' या रकान्यात आईचं नाव घातलं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'अट – मुलाने हवा भरू नये.' मोजणीदारांनी निमूट सही केली.

गाडी निघाली ती आईच्या हातात. शेजारी सून बसली, मागे मुलगी आणि मोजणीदार. दुकानाच्या फाटकातून बाहेर पडताना मोजणीदारांनी खिडकीवरची कडी घट्ट धरली होती. मोठ्या चौकात डोळे मिटून घेतले. पुढे मोकळा रस्ता लागला आणि गाडी अशी संथ वाहू लागली की बायकोने न राहवून विचारलं, "अहो, कसं वाटतंय?"

"बाबा झोपलेत," मागून मुलगी कुजबुजली.

आईने आरशातून मागे एकदा पाहिलं. पुढचा चढ आला तेव्हा तिने गिअर बदलला, पण पोराची झोप मोडू नये इतक्या बेताने.