टिकेकरांच्या गुडघ्याचे दिवस

दिगंबर टिकेकरांच्या डाव्या गुडघ्याला एके काळी चांगलं नाव होतं. तळजाईच्या टेकडीवर सकाळी अनोळखी माणसं थांबून विचारायची, "तुम्हीच का ते गुडघेवाले टिकेकर? आता कसं आहे?" आणि दिगंबरपंत, विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाला शोभेल अशा सावधपणाने सांगायचे, "आहे. चढताना नाही, उतरताना जाणवतो."

ही सगळी 'धाप'ची कृपा. 'धाप' म्हणजे हडपसरच्या रंगनाथ सरांचा पॉडकास्ट. सर शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्त झाल्यावर पन्नाशी उलटलेल्यांना पळायला शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं आणि स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या डब्याला मोबाइल टेकवून बोलायला सुरुवात केली. ऐकणारे मूठभर, तेही बहुतेक तळजाईवर पळणारे. त्यामुळे जो कोणी प्रश्न पाठवील त्याचं नाव घेऊन, त्याच्या बुटापासून बद्धकोष्ठापर्यंत सगळी चौकशी करून सर उत्तर देत. मध्येच सरांच्या बायकोचा, सुशीलाबाईंचा आवाज येई, "अवो, दूध बघा, उतू चाललंय!"

"थांबा मंडळी," सर म्हणत, "दूध बघतो."

मंडळी थांबत. टिकेकरांच्या गुडघ्यावर तर सरांनी सलग तीन भाग केले होते. पंतांनी ते सगळ्या नातेवाइकांना पाठवले होते, मुलीच्या सासरीसुद्धा.

पुढे सरांचा पुतण्या साई, जो हिंजवडीत नोकरी करतो, त्याने 'धाप' हातात घेतली. स्टुडिओ आला, सुरुवातीला ढोलकी-गिटारचं संगीत आलं, प्रोटीनच्या डब्याची जाहिरात आली. ऐकणारे लाखावर गेले आणि दूध उतू जायचं बंद झालं. जुन्या श्रोत्यांनी 'मूळ धाप' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. तिथे रोज सकाळी शुभ प्रभातच्या फुलांनंतर हळहळ चाले.

पण बाकीच्यांचं दुःख दुधापाशी थांबत होतं. पंतांचं पुढे जाऊन एका टाचेवर अडकलं होतं. वाघोलीची कोणी राजनंदिनी, आयटीत काम करणारी, तिची उजवी टाच दुखत होती. तिच्यावर सरांनी अख्खा भाग केला. वर म्हणाले, "अशी टाच मी आजवर पाह्यली न्हाई."

"टाच!" पंतांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. "टाचेत असतं काय? एक हाड आणि वर कातडं. गुडघ्याचं तसं नाही. गुडघा हा विषय आहे."

"पण तुमचा गुडघा बरा झालाय ना?" त्यांच्या पत्नी वासंतीबाई म्हणाल्या.

"तेच तर दुखणं आहे."

बरा झालेला गुडघा कोण विचारतो? पंतांचा हिशोब सरळ होता. दुखलं तर नाव, नाव तर मान. त्याच दुपारी त्यांनी 'धाप'ला आवाजी निरोप पाठवला. म्हणाले, जुना गुडघा पुन्हा उमळून आला आहे, सरांना नुसतं 'टिकेकर' म्हणून सांगा, ते समजतील.

साईचं उत्तर आलं, "हाय अंकल! प्लीज चालतानाचा व्हिडिओ शेअर करा. साइडने आणि मागून. लव्ह फ्रॉम टीम धाप."

आता आली का पंचाईत. पंत सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरले आणि मोबाइल वासंतीबाईंच्या हातात देऊन लंगडत चालू लागले.

"थांबा," वासंतीबाई म्हणाल्या. "डावा होता ना?"

"मग?"

"तुम्ही उजव्याने लंगडताय."

दुसऱ्या खेपेला पंत डाव्याने लंगडले, आणि इतकं मन लावून लंगडले, की सोसायटीचे चेअरमन तात्याराव गाडी धुता धुता थबकले.

"टिकेकर! लंगडताय? आणि कुणाला बोलला नाहीत? सोसायटीत राहता का लॉजवर?"

"तसं विशेष नाही हो..."

"ते मी ठरवतो."

तात्यारावांनी बादली खाली ठेवली आणि सोसायटीच्या ग्रुपवर बातमी टाकली. संध्याकाळपर्यंत घरात तीन प्रकारची तेलं, एक शेक घ्यायची पिशवी आणि गरम मिठाच्या पुरचुंडीचा सल्ला येऊन पडला. आता घराबाहेर पाऊल टाकलं की लंगडणं भाग होतं. पंत जिन्यात लंगडत, वाण्याकडे लंगडत, लिफ्टमध्ये नुसतं उभं राहतानाही एक पाय उचलून धरत. सकाळी टेकडीवर पळायला जावं, तर तात्याराव फाटकाशीच हजर. "कुठे निघालात? बसा बाकावर. मीही बसतो." आणि तात्याराव स्वतःच्या मूळव्याधीची हकीकत सुरू करत. नाव कमवायला निघालेल्या पंतांचं होतं ते पळणंही गेलं.

तरी पंत सोसत राहिले. 'धाप'चा नवा भाग आला त्या सकाळी त्यांनी वासंतीबाईंना मुद्दाम समोर बसवलं. संगीत झालं, प्रोटीन झालं. मग सर म्हणाले, "मंडळी, आज एका जुन्या दुखन्याकडं परत यायचंय."

पंतांनी दाढीवरून हात फिरवला.

"आपल्या राजनंदिनीताई. त्यांची आता दुसरी टाच धरलीय."

पंत ताडकन उठले, आणि तसेच अर्ध्यात अडकले. इतके दिवस सगळा भार उजवीकडे टाकून चालल्यामुळे उजव्या बाजूची कंबर खरोखरच धरली होती. त्यांना दिवाणावर आडवं करायला शेवटी तात्यारावांनाच बोलवावं लागलं. "गुडघ्यावरून कंबरेत उतरलं," तात्याराव म्हणाले.

"कंबर वर असते हो," पंत कण्हत म्हणाले.

पुढचा आठवडा वासंतीबाईंनी दिवाणाशी काढला. चहा, शेक, उशी इकडे, उशी तिकडे. एका दुपारी पंत म्हणाले, "अगं, जरा मोबाइल दे, साईला कंबरेचं कळवतो." तेव्हा मात्र वासंतीबाईंनी मोबाइल दिला नाही. स्वतःच तोंडासमोर धरला.

"नमस्कार. मी टिकेकरांची बायको. तुमच्या त्या धापेपायी आमच्या घरात मला धाप लागलीय. या गृहस्थांचा गुडघा ठणठणीत आहे. तुम्ही नाव घ्यावं म्हणून लंगडत होते, आता कंबर मोडून पडलेत."

"अगं, काय बोलतेस! बंद कर ते!" मागून पंत ओरडले.

"अहो, पडून राहा! उठलात तर मी बघणार नाही. हां, तर काय सांगत होते, त्या मुलीच्या टाचेवर जळतात हे. वयाच्या बासष्टाव्या वर्षी टाचेवर जळणारा माणूस पाहिलाय का तुम्ही? एकदा काय ते नाव घ्या यांचं आणि सोडवा मला."

आणि निरोप गेला.

रंगनाथ सरांनी तो जसाच्या तसा ऐकवला. संगीत नाही, जाहिरात नाही. ऐकवून झाल्यावर सर थोडा वेळ हसतच राहिले आणि म्हणाले, "किती दिवसांनी घरातला आवाज आला, मंडळी." 'मूळ धाप' ग्रुपवर त्या दिवशी फुलांना जागा उरली नाही. "जुने दिवस परत आले!" "वहिनींना परत बोलवा!" संध्याकाळी त्याच मोबाइलवर खुद्द सरांचा फोन आला. पंतांनी कंबर विसरून तो झडप घालून घेतला.

"सर! मी टिकेकर!"

"हां हां, बरं. वैनी हायत का?"

तेव्हापासून दर आठवड्याला 'वैनींचं काय म्हननं हाय' सुरू झालं. सर फोन करत आणि पहाटे पाचला भांडी आपटत उठणाऱ्या, ओले मोजे खुर्चीवर टाकणाऱ्या, नाडीचे ठोके मोजत जेवणाऱ्या नवऱ्यांबद्दल वासंतीबाई बोलत. आयुष्यात त्या बस पकडायलाही पळालेल्या नव्हत्या. कंबर सुटल्यावर पंतांना काम मिळालं. बाई बोलत असताना मोबाइल धरून बसायचं, कारण डब्याला टेकवला की तो घसरे.

एका रविवारी दारावरची बेल वाजली. दारात एक मुलगी, पायात जाड तळव्यांच्या चपला, हातात आंबा बर्फीचा खोका.

"नमस्कार काका. मी राजनंदिनी, वाघोलीहून आले. वासंतीकाकू आहेत? मी त्यांची डाय-हार्ड फॅन आहे."

पंत तिच्या पायांकडे बघत राहिले.

"तुम्हीपण ऐकता का काका, पॉडकास्ट?" तिने विचारलं.

"कधी कधी," पंत म्हणाले.

बर्फी चांगली होती, हे त्यांनी कबूल केलं. पण त्या रात्री त्यांना पहिल्यांदाच टाचेचा राग आला नाही. राग दुसरीकडे गेला होता. बायको आता फोन यायच्या आधी कोमट पाणी पिई. स्वतःच्या विनोदावर स्वतःच आधी हसे. मागल्या भागात तर "मित्रांनो" म्हणाली होती. टेकडीवर कुणी "वासंतीवहिनींचे मिस्टर ना तुम्ही?" म्हणून थांबवलं, की पंत आवाज खाली आणून सांगत, "पहिले चार भाग ऐका. तेव्हा ती मनापासून चिडायची. आता लोकांसाठी चिडते."

हे दुःख नुसतं टेकडीवर मावेना. शेवटी त्यांनी 'धाप'ला नाव न घालता चार ओळी लिहून पाठवल्या.

पुढच्या खेपेला पंत नेहमीसारखे मोबाइल धरून बसले होते. पलीकडून सर म्हणाले, "वैनी, एका जुन्या श्रोत्याचा निरोप हाय. म्हन्तात, वैनींचे सुरुवातीचे भाग सकस होते, हल्ली त्यात पूर्वीची धग राहिली नाही. खाली नाव न्हाई."

वासंतीबाईंनी मोबाइलकडे पाहिलं. मग मोबाइल धरणाऱ्या हाताकडे. मग हळूहळू वर.

"धग राहिली नाही?" त्या म्हणाल्या. "सकाळपासून तिसरा चहा ढोसून झालाय या जुन्या श्रोत्याचा! अहो, दिवाणावर पडला होतात तेव्हा चमच्याने भात भरवला मी तुम्हाला, तेव्हा धग मोजली होतीत का? निनावी निरोप पाठवतात! घरातल्या घरात! द्या तो मोबाइल इकडे आणि उठा आधी!"

पलीकडे सर, साई आणि आणखी कुणी कुणी हसून लोळत होते. पंत मोबाइल देऊन निमूट उठले, गॅलरीत गेले आणि तिथूनच, एकही शब्द सुटू नये म्हणून, दाराला कान लावून उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता. कित्येक आठवड्यांनी आज भाग पूर्वीसारखा झाला होता.