मारबतीसोबत गेलेला मॅनेजर

शेवटच्या मिनिटाला हिंगणीच्या पोराने लाथ मारली आणि चेंडू आमच्या विन्याच्या दोन पायांमधून, म्हैस गोठ्यात शिरावी तसा सावकाश गोलात गेला. फायनल गेली. "दार उघडं ठेवून झोपतं काय बे!" म्हणत सगळं नाचणगाव विन्याच्या आईचा उद्धार करू लागलं. तेवढ्यात एक म्हातारा धोतर सावरत मैदानात गेला, स्वतःचे कान धरले आणि उठाबशा काढू लागला.

हे बबनराव. माझे शेजारी आणि गावच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर. जन्मात एकदाच चेंडूला पाय लावला. चप्पल गोलात गेली, चेंडू जागेवरच. पण टीम हरली की म्हणणं एकच, "पोरायचा दोष नाई. चूक मॅनेजरची!"

हा कायदा सगळ्या गावाला लागू. माझ्या बकरीने त्यांचा वालाचा वेल खाल्ला, तर मलाच म्हणाले, "बकरीले काऊन मारता वहिनी? तिच्या मॅनेजर तुम्ही." सुनेचं वरण खारट झालं की सासूला ऐकवायचे. त्यामुळे गावातल्या सुना त्यांना मानायच्या आणि सासवा शिव्या द्यायच्या. मी सासू आहे.

चूक कबूल करायचे, पण जागा सोडायचे नाहीत. हरले की राजीनामा, आणि सकाळी पुन्हा शिट्टी घेऊन मैदानात. "राजीनामा देल्ला होता नं?" विचारलं तर म्हणायचे, "देल्ला. पण घेतला कोनं?"

या वेळी मात्र गाव पेटलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे कागदाकामट्यांची मोठी बाहुली, निघते. रोगराई, पीडा, जे नको असेल त्याचं नाव ओरडून तिच्यासोबत वेशीबाहेर घालवायचं. गेलेलं परत घ्यायचं नाही. पोरांनी ठरवलं, यंदा विन्याचं नाव घ्यायचं. तो पिशवी भरून बसला होता. गाव सोडतो म्हणत होता, जेवत नव्हता.

मारबत निघाली. पोरांनी तोंड उघडायच्या आत बबनराव पुढे झाले आणि घसा फाडून ओरडले, "बबन मॅनेजरले घेऊन जाय गे मारबत!"

लोक हसले. मग मजा वाटून सगळेच तसं ओरडू लागले. वेशीपर्यंत तेच नाव. विन्याचं कोणाला आठवलंही नाही.

मला वाटलं, सकाळी शिट्टी वाजेल. नाही वाजली.

पुढच्या सामन्याला बबनराव मैदानालगतच्या माझ्या अंगणात, कुडाआड, पालथ्या घमेल्यावर बसले.

"जा नं भाऊजी, पोरं वाट पाहून राह्यले."

"नाई वहिनी. मी वापस गेलो, तं मारबत फुकट जाईन. पुढच्या खेपेले विन्याचंच नाव निंगन."

विन्याने गोल अडवला. गाव नाचलं. बबनरावांनी दुपट्टा तोंडात कोंबला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

विन्या अजून गोलवर आहे. बबनरावांना बायको नाही, मूल नाही. संध्याकाळी ते माझ्या अंगणात बसतात.