हनुवटी वर, पोट आत

मेव्हण्याच्या मोबाईलवर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण मी म्हणालो, "लझहर, ते खेळणं खिशात ठेव. फोटो मी काढणार." (तोंड माझं आधी बोलतं, डोकं मागून येतं.)

काम एवढंच. आम्ही दोघं म्हातारे मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार, आणि आमचा शाहीन लझहरच्या खजुरीच्या बागेत. शुक्रवारी जेवण झालं की तो त्याला नेणार. बायको रडली नाही. मन्नूबिया रडत नाही, मागते. म्हणाली, "त्याचा एक फोटो द्या. तो असतो तसा. लोळणारा, खाजवणारा. मग काही मागणार नाही."

शाहीन स्लूगी आहे, शिकारी जातीचा. आमच्याकडे स्लूगीला कुत्रा म्हणणं म्हणजे घराला शिवी. मी म्हणतो.

फ्रिजमध्ये लोण्याच्या मागे एक ब्लॅक अँड व्हाइट रोल पडला होता, माझा फोटो स्टुडिओ बंद केला तेव्हाचा. रंगीत धुणारा गावात कोणी उरला नाही, हा मी मोरीत धुतो. बारा फोटो. एका कुत्र्याला बारा म्हणजे चैन.

शुक्रवारी सकाळी शाहीन डाळिंबाखाली चारी पाय वर करून पडला होता. मी कॅमेरा उचलला. तो ताडकन उठला. ताठ बसला, हनुवटी वर, पोट आत, श्वास बंद.

"लोळ की रे!" मी ओरडलो. तो आणखी ताठ झाला.

वाळत घातलेल्या चादरीमागे लपलो. चादर माझ्यासकट खाली आली, शाहीन ताठ. कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलो. कोंबड्या माझ्या अंगावर, शाहीन ताठ. शेवटी कुसकुसमधला मटणाचा तुकडा त्याच्यापुढे टाकला. त्यानं बघितलंसुद्धा नाही. शेजारणीचं मांजर तुकडा घेऊन गेलं.

"तो पाहुण्यांचा तुकडा होता!" मन्नूबिया स्वयंपाकघरातून.

"पाहुणा कोण, तुझा भाऊच ना?"

"दाजी, ऐकतोय मी," सकाळीच येऊन बसलेला लझहर म्हणाला.

अकरा फोटो संपले. मी पायरीवर बसलो. मन्नूबिया शेजारी येऊन बसली.

"तुमचंच शिकलाय तो. नऊ वर्षं स्टुडिओत शेगडीपाशी पडून दुसरं काय ऐकलं त्यानं? हलू नका, हनुवटी वर, पोट आत."

अर्ध्या गावाच्या भिंतींवर माझ्या हातची मेलेली माणसं टांगलेली आहेत. चहाच्या दुकानात सगळ्यांना हसवून लोळवणारा सालेम न्हावी भिंतीवर कोर्टात उभा केल्यासारखा दिसतो. त्याची पोरं त्या फोटोकडे बघतात आणि त्यांना बाप आठवत नाही. हे मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. कुत्र्यानं कळवलं.

"आपल्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तुम्ही मला हसू दिलं नाहीत," ती म्हणाली. "दात मिटा म्हणालात."

"चांगले दिसले नसते."

"माझे दात होते. द्या तो कॅमेरा इकडे."

"तुला जमणार नाही. एकच उरलाय."

"तुम्हाला अकरा जमले का? जा, त्याच्याजवळ उभे राहा. कॅमेरा तुमच्या हातात नसला तर तो घाबरणार नाही."

मी गेलो. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि देवाशपथ सांगतो, माझी हनुवटी आपोआप वर गेली. पोट आत. श्वास बंद. शाहीननं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग अंग सैल सोडलं, खांद्यापासून शेपटीपर्यंत झटकलं, मोठी जांभई दिली, माझ्याभोवती हुंगत एक फेरी मारली आणि मागचा पाय वर केला.

गरम लागलं. पायजमा, मग चप्पल.

हललो असतो तर तिचा शेवटचा फोटो गेला असता. नाही हललो.

खटका वाजला. मन्नूबिया हसत सुटली, सगळे दात दाखवून, उरलेत तेवढे. दुपारी जेवून लझहर शाहीनला घेऊन गेला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती फाटकात उभी राहिली आणि मग माझा पायजमा धुवायला घेतला.

फोटो आता मुलाच्या घरात, दारासमोर टांगलाय. ती रोज बघते, रोज हसते. परवा लझहर आला, चष्मा लावून बराच वेळ निरखत उभा राहिला.

"शाहीन हुबेहूब आलाय, ताई," तो म्हणाला. "पण एवढा चांगला खांब जुन्या घरी कशाला सोडून आलात?"