मेलेल्या कलमाच्या कौलाची हकिकत

श्री. जी देवता लिहिणाराची बुद्धी ठिकाणावर ठेविते तीस प्रथम नमन. या खेपेस ती सेवकावर रुसली आहे, तरी नमन. शके १९३४, नंदन नाम संवत्सर, कार्तिक मासी दरबाराची आज्ञा जाहली की, प्रजेने कौल दिला तो का दिला, याचा मजकूर साद्यंत लिहून पाठवावा. आज्ञा शिरसावंद्य. परंतु सेवकास कारण समजले नाही, हे आरंभीच सांगून ठेवितो. मागाहून बोल नको.

दक्षिणेकडे कापसाचे एक राज्य. तेथे गोरे लोक आणि काळे लोक ऐसी प्रजा, आणि काळ्यांचे पूर्वज गोऱ्यांचे गुलाम होते. गुलामी सुटली, मग गोऱ्या कारभाऱ्यांनी राज्याच्या कायद्यात कलम घातले की, गोऱ्यांच्या मुलांनी एका शाळेत बसावे आणि काळ्यांच्या मुलांनी दुसऱ्या. बहुत वर्षे ऐसेच चालले, आणि मग अवघ्या राज्यांवर जी सार्वभौम न्यायसभा, तिने निवाडा दिला की, हे कलम रद्द, मुले एकत्र बसवावी. तेव्हा कारभारी कोपले आणि त्या रागात त्यांनी दुसरे कलम घातले की, या राज्यात शाळा मिळण्याचा हक्क कोणाही मुलास नाही. म्हणजे एकत्र बसवायची वेळ आलीच तर शाळाच बंद करता यावी. पुढे मुले एकत्र बसू लागली, कोपलेले कारभारी निवर्तले, आणि दोन्ही कलमे कायद्यात राहिली ती राहिलीच. पहिले मेलेले, दुसरे अर्धवट जिवंत, आणि प्रजेच्या कौलावाचून एक अक्षर खोडता येत नाही, ऐसा तेथील रिवाज.

मग परमुलखीचे कारखानदार ते मेलेले कलम वाचून तोंड फिरवू लागले, आणि प्रधानजींस लाज वाटली, आणि त्यांनी कौल मांडिला: पहिले कलम पुसावे आणि दुसरे नव्याने मंजूर करावे, दोहोंस मिळून एकच खडा. एक रांजण 'पुसावे'चा, एक 'ठेवावे'चा. मग प्रधानजी स्वतः काळ्यांच्या वस्तीत तानूबाई शिक्षिकेच्या घरी आले, कारण वस्तीत तिचा शब्द मानीत. तिचे वडील उमाजी ओट्यावर बसले होते. त्यांस लहानपणी गोऱ्यांच्या शाळेच्या दारातून हाकलले होते आणि काळ्यांची शाळा फार लांब, म्हणून जन्मभर अक्षरओळख जाहली नाही.

प्रधानजी बोलिले, "तानूबाई, तुमच्या मनातलंच करतोय. वस्तीला एवढं समजावून सांगा."

ती म्हणाली, "वेगळी शाळा पुसताय, ते बरंच आहे. पण शाळा देणं लागत नाही, ते आमच्याच हातून पुन्हा लिहून घेताय, त्याचं काय?"

"अहो, ते तर जुनंच आहे."

"जुनं आहे, रागात घातलेलं आहे, तोवर न्यायाधीशापुढे भांडता येतं, प्रधानजी. उद्या तोच म्हणेल, बाई, तुम्हीच तर हो म्हणालात."

प्रधानजी पाणी पिऊन निघून गेले. मग उमाजी म्हणाले, "तानू, मला कलमबिलम काही कळत नाही. ज्यानं मला दारातनं हाकललं, ते माझ्या डोळ्यांदेखत पुसून टाक. दुसरं काही मागत नाही मी तुझ्याकडं."

तिने मान खाली घातली, आणि सेवकास तिची फार कीव आली.

कौलाचा दिवस उजाडला. उमाजींनी खडा 'पुसावे'त टाकिला. तानूबाई पुष्कळ वेळ उभी राहिली आणि मग तिने 'ठेवावे'त टाकिला, आणि वस्तीतल्या बहुतेकांनीही. तिकडे गोऱ्यांपैकी जहागीरदार रंगराव यांनी आवई उठविली की कायदा एकदा खोडू दिला तर करही वाढतील, आणि वडिलांचा शब्द तो वडिलांचा शब्द. म्हणोन त्यांच्या लोकांचे खडेही 'ठेवावे'त पडले. ज्यांस कलम प्यारे ते आणि ज्यांस कलमाने छळिले ते, दोघे एका रांजणात! रांजणास खड्यामागचे कारण कळत नाही, आणि सेवकासही कळत नाही. 'ठेवावे'ची सरशी जाहली. रंगरावांनी तानूबाईंकडे मिठाई धाडिली आणि निरोप दिला की, आमच्या वाडवडिलांची अब्रू तुम्ही राखिली. तिने ते ताट बाहेरच्या बाहेर परत केले आणि दारामागे जाऊन रडली.

सेवक कारण विचारावयास तेथे गेला होता. इतक्यात उमाजींनी हाक मारली, "तानू, पुसलं का गं?"

"नाही, आबा."

"कुणी ठेवलं?"

"मी."

म्हातारा भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "काय लिवलंय त्यात, ते मला कधी कुणी वाचून दाखवलंच नाही. वाच."

तिला तोंडपाठ होते. तिने एका श्वासात म्हटले.

"झालं?"

"झालं, आबा."

"एवढंच होतं होय," उमाजी म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे जाहले.

येणेप्रमाणे जे पाहिले, ऐकिले ते लिहिले. सारांश: कलम जागच्या जागी आहे, प्रजा क्षेम आहे, आणि कौल का दिला हे दरबारास जाणणे असल्यास दरबाराने त्या ओट्यावर जाऊन विचारावे. सेवकाच्याने पुन्हा विचारवत नाही.