थोरल्या पातीचा सरदार

बापूसाहेबांच्या घरातून हातावर दही घेतल्याशिवाय कुणालाही बाहेर पडता येत नसे. वर कपाळाला कुंकू. नव्वदच्या दशकात मी कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आलो आणि त्यांच्या शेजारी राहू लागलो. एकदा त्यांचा पेपर परत द्यायला गेलो, तो परीक्षेला निघाल्यासारखा होऊन घरी आलो. गॅसवाल्याचीही सुटका नव्हती.

देवासात एकेकाळी एकाच गावात दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. बापूसाहेबांचे पूर्वज थोरलीचे कारभारी. संस्थानं बुडून जमाना झाला, पण बापूसाहेब अजून माणसं त्याच दोन खणांत घालत. "भिया, तुम्ही स्वभावाने धाकट्या पातीचे," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं. मी नागपूरचा.

त्यांचा डाल्मेशियन कुत्रा सरदार अर्थातच थोरल्या पातीचा. त्याची वंशावळ देवघराशेजारी फ्रेम करून लावलेली. ते पिल्लू काकूंनी पसंत केलं होतं, आणि त्याला इंदूरच्या डॉग शोमध्ये उभं करून कप आणायचा हा हट्टही त्यांचाच. काकू गेल्या आणि तो हट्ट बापूसाहेबांकडे आला. संध्याकाळी त्या घरात एकाच खोलीत दिवा लागायचा.

"तिथे कुत्र्याची कुत्र्याशी तुलना नसते," ते मला समजावत. "जातीचा एक आदर्श ठरलेला असतो, त्याच्याशी ताडून बघतात. दात, पाठ, चाल. अंगाला रंग लावलेला दिसला की बाद." रोज सकाळी टेकरीच्या पायथ्याशी ते पायजमा सावरत सरदारला दुडक्या चालीने पळवत, मग मी परीक्षक होऊन त्याचे दात तपासायचे. सरदार हे सगळं निमूट सोसायचा. मीही.

शोच्या दिवशी रिंगणात सरदार असा ताठ उभा राहिला की माझ्याच अंगावर मूठभर मांस चढलं. परीक्षकाने दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि तो कपाळापाशी थांबला. काळ्या ठिपक्यांत एक ठिपका लाल होता.

"ये रंग क्यों लगाया?"

"रंग नहीं है साहब, शगुन है," बापूसाहेब म्हणाले. रुमालाने पुसायला गेले, तर कुंकू आणखीच पसरलं. सरदार बाद झाला.

परतीच्या व्हॅनमध्ये मला राग आवरेना. "बापूसाहेब, नियम तुम्हीच मला शिकवलात. आत शिरण्याआधी तरी पुसायचं होतं."

"हात उचलला होता हो. पुसवेना." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "हिला इंदूरला दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा गाडी दारात उभी. ही म्हणाली, अहो, दही-कुंकू राहिलं. मी म्हटलं, उशीर होतोय, चल."

काकू इंदूरहून परतल्या नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

देवासची टेकरी दिसू लागली, तसा त्यांनी मांडीवर झोपलेल्या सरदारच्या लाल कपाळावरून हात फिरवला.

"कप राहू दे," ते म्हणाले. "हा घरी येतोय."